अर्धा इंच दाढी आणि तुरुंगाची सुरक्षितता : ‘होल्ट विरुद्ध हॉब्ज’ (२०१५)

अमेरिकेतील आर्कन्सा राज्याच्या तुरुंग खात्याने कैद्यांना दाढी राखण्यास मनाई केली होती. मिशीला परवानगी होती, पण ती नीट कातरलेली असावी, ओठांच्या कडांबाहेर जाऊ नये आणि ओठावर उतरू नये, असा दंडक होता. त्वचारोगाचे निदान झालेल्या कैद्याला वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून पाव इंचापर्यंत दाढी ठेवता येत असे. धार्मिक कारणासाठी मात्र कोणतीही सवलत नव्हती आणि नियम मोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होत असे.

ग्रेगरी होल्ट हे याच राज्याच्या तुरुंगात घरफोडी आणि घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्याबद्दल जन्मठेप भोगत होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला होता आणि अब्दुल मालिक मुहम्मद हे नाव घेतले होते. पुरुषाने दाढीला कात्री लावू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही पूर्ण दाढीचा आग्रह न धरता त्यांनी अर्धा इंच दाढी ठेवू देण्याची विनंती केली आणि ही आपण होऊन केलेली तडजोड आहे, असे स्पष्ट सांगितले. उत्तरादाखल अधीक्षकांनी त्यांना बजावले की खात्याचे नियम पाळावेच लागतील आणि मोडायचे ठरवले तर परिणाम भोगावे लागतील.

होल्ट यांनी २०११ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय, जिल्हा न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींमध्ये तुरुंग खात्याचे संचालक रे हॉब्ज होते आणि त्यांच्याच नावाने हा खटला पुढे ओळखला गेला. वाद पाव इंच आणि अर्धा इंच यांच्यामधल्या फरकाचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मोठा होता. तुरुंग प्रशासनाने ‘सुरक्षितता’ हे कारण पुढे केले की न्यायालयाने तिथेच थांबायचे, की त्या कारणाचा पुरावा मागायचा? माझ्या मते या खटल्याचे महत्त्व दाढीपेक्षा या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरात आहे.

तोवरचा कायदा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन न्यायालये तुरुंगाच्या आतल्या कारभारात सहसा हात घालत नसत. ही भिंत फोडण्यात मुस्लिम कैद्यांचा, विशेषतः कृष्णवर्णीय मुस्लिम कैद्यांचा, वाटा मोठा आहे. १९६४ च्या ‘कूपर विरुद्ध पेट’ या प्रकरणात इलिनॉयमधील एका कैद्याची तक्रार अशी होती की धर्मामुळेच त्याला धार्मिक पुस्तके विकत घेऊ दिली जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार ऐकून घेण्याजोगी ठरवली. १९७२ च्या ‘क्रूझ विरुद्ध बेटो’ प्रकरणात टेक्सासमधील एका बौद्ध कैद्याने, आपल्याला प्रार्थनागृह वापरू दिले जात नाही आणि बौद्ध साहित्य इतरांना दिल्याबद्दल एकांतवासाची शिक्षा झाली, असे म्हटले होते. इतर धर्मांच्या कैद्यांना मिळते तशी वाजवी संधी त्यालाही मिळायला हवी, असे न्यायालयाने सांगितले.

१९८७ मध्ये मात्र काटा उलटा फिरला. ‘टर्नर विरुद्ध सॅफ्ली’ या निकालाने कसोटी ठरवून दिली की तुरुंगाचा नियम प्रशासनाच्या रास्त हेतूशी सयुक्तिक संबंध राखत असेल, तर तो टिकेल. त्याच वर्षी ‘ओलोन विरुद्ध शबाझ’ या निकालात ती कसोटी धर्माला लावली गेली. न्यू जर्सीतील काही मुस्लिम कैद्यांना दिवसा तुरुंगाबाहेर काम दिले जाई आणि मध्येच परत येण्यास बंदी होती, त्यामुळे शुक्रवारची सामूहिक नमाज त्यांना चुकत असे. ती नमाज दुसऱ्या वेळी अदा करता येत नाही हे न्यायालयाने मान्य केले आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी नियम कायम ठेवला, कारण या कैद्यांना धर्माचे इतर विधी पाळता येत होते. १९९० मध्ये ‘एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ’ या निकालाने तर तुरुंगाबाहेरच्या नागरिकांचेही संरक्षण आकसले. सर्वांना सारखा लागू असणारा कायदा धर्माचरणाच्या आड आला, म्हणून केवळ त्या कारणाने राज्यघटनेखाली सूट मागता येणार नाही, असे त्यात ठरले.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याची जुनी, कडक कसोटी कायद्याने परत आणली, पण १९९७ च्या ‘बर्नी’ निकालाने तो कायदा राज्यांपुरता रद्द ठरला. मग २००० साली काँग्रेसने दुसरा, अधिक आखीव कायदा केला. त्याचे नाव ‘रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स ॲक्ट’, बोलण्यात ‘आरलूपा’. तो मुख्यतः केंद्राचे अनुदान घेणाऱ्या तुरुंगांना लागू होतो आणि राज्यांचे तुरुंग हे अनुदान घेतातच. या कायद्याखाली कैद्याने दोन गोष्टी दाखवायच्या असतात: आपली श्रद्धा प्रामाणिक आहे आणि नियमामुळे धर्माचरणावर मोठा भार पडतो. एवढे झाले की सिद्धतेची जबाबदारी सरकारवर येते. सरकारने दाखवायचे की नियमामागे अत्यंत निकडीचे शासकीय हित आहे आणि ते साधण्याचा याहून कमी जाचक मार्ग उपलब्ध नाही. आणि तेही सर्वसाधारणपणे न दाखवता, दाद मागणाऱ्या त्या विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत दाखवायचे. ओहायोच्या तुरुंगांतील अल्पपरिचित पंथांच्या कैद्यांनी केलेल्या ‘कटर विरुद्ध विल्किन्सन’ या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने वैध ठरवला. मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत तुरुंगाधिकाऱ्यांच्या अनुभवाचा योग्य तो मान राखावा, असेही त्या निकालात नमूद होते. खालची काही न्यायालये पुढे याच वाक्याला धरून बसली.

साक्षी आणि उलटतपासणी

जिल्हा न्यायालयाने आधी तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि प्रकरण पुरावा नोंदवण्यासाठी मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांकडे सोपवले. खात्याने दोन साक्षीदार उभे केले. त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. दाढीत निषिद्ध वस्तू लपवता येते, हा पहिला मुद्दा. दाढी राखलेला कैदी ती अचानक काढून चेहरामोहरा बदलू शकतो आणि ओळख चुकवून पळून जाऊ शकतो किंवा बंदी असलेल्या भागात घुसू शकतो, हा दुसरा.

पहिल्या मुद्द्यावर दोघांनाही एकसुद्धा उदाहरण देता आले नाही. अर्धा इंच दाढीत काही लपवल्याची घटना ना आर्कन्सात घडल्याचे त्यांना ठाऊक होते, ना इतरत्र. डोक्यावरच्या केसांत किंवा कपड्यांत वस्तू लपवता येते, हेही त्यांनी मान्य केले. अधीक्षकांना विचारण्यात आले की त्वचारोग असलेल्या कैद्याची पाव इंच दाढी चालते, तर अर्धा इंच दाढीने नेमका कोणता धोका निर्माण होतो. त्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

ओळखीच्या मुद्द्यावर खात्याचा युक्तिवाद अधिक तपशीलवार होता आणि तो मुळीच पोकळ नव्हता. तिथले कैदी स्वतंत्र कोठड्यांत न राहता मोठ्या बराकींत राहतात आणि शेतावर कामाला जातात. बराकीत परतताना ओळखपत्र दाखवावे लागते. एखादा कैदी दाढीनिशी शेतावर जाईल, तिथे दाढी उतरवेल, दुसऱ्याचे ओळखपत्र घेऊन त्याच्या बराकीत शिरेल आणि तिथे कुणावर हल्ला करेल, अशी ही शक्यता मांडली गेली. यावर होल्ट यांची सूचना सोपी होती: प्रत्येक कैद्याचे दाढीविना आणि दाढीसह असे दोन फोटो काढून ठेवावेत. इतर राज्यांत ही पद्धत रुळलेली होती. आर्कन्सात ती का चालणार नाही, याचे पटेल असे कारण पुढे आले नाही.

सुनावणीच्या शेवटी मॅजिस्ट्रेट न्यायाधीश होल्ट यांना म्हणाले की या दाढीत काही लपवता येईल ही कल्पनाच जवळजवळ हास्यास्पद आहे. आणि एवढे म्हणूनही त्यांनी शिफारस केली ती दावा फेटाळण्याची, कारण त्यांच्या मते तुरुंगाधिकाऱ्यांच्या निर्णयाचा मान राखणे न्यायालयाला भाग होते. जिल्हा न्यायालयाने शिफारस स्वीकारली आणि २०१३ मध्ये आठव्या सर्किटच्या (‘सर्किट’ म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला न्यायिक विभाग) अपील न्यायालयाने थोडक्यात ती कायम केली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून न्यायाधीशाने अधिकाऱ्याच्या शब्दावर निकाल द्यावा, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. कायद्याने सिद्धतेची जबाबदारी सरकारवर टाकली होती, आणि प्रत्यक्षात ती कैद्याच्याच डोक्यावर बसली.

मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांच्या कारणमीमांसेत आणखी तीन चुका होत्या. होल्ट यांना नमाजासाठी चटई मिळते, धर्मगुरूशी पत्रव्यवहार करता येतो, आहाराचे नियम आणि सण पाळता येतात, म्हणून दाढीची बंदी हा मोठा भार नाही, असे त्यांनी धरले. ‘ओलोन’ची ही विचारसरणी घटनात्मक दाव्यात चालली असती, पण नवा कायदा एकूण धर्माचरणाची गोळाबेरीज करत नाही, ज्या आचरणावर बंदी आहे, त्यावर किती भार पडतो एवढेच तो पाहतो. दुसरे म्हणजे, दाढी ठेवता आली नाही तरी मनापासून प्रयत्न केल्याचे श्रेय धर्म देईलच, या समजुतीचा त्यांनी आधार घेतला. आणि तिसरे, सर्वच मुस्लिम दाढी अनिवार्य मानत नाहीत, या गोष्टीला त्यांनी वजन दिले. एखादे आचरण त्या धर्माच्या केंद्रस्थानी आहे की नाही किंवा धर्माने ते सक्तीचे केले आहे की नाही, याची चौकशी करायची नाही, असे आरलूपा कायदा स्वच्छ सांगतो.

ही तिसरी चूक भारतीय वाचकाला चूक वाटणार नाही, कारण आपल्याकडे नेमकी हीच चौकशी होते. १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून आपली न्यायालये ‘धर्माची अत्यावश्यक प्रथा’ शोधत आली आहेत. २०१६ मध्ये हवाई दलातील एका मुस्लिम कर्मचाऱ्याच्या दाढीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा केस कापण्यास किंवा दाढी करण्यास इस्लाममध्ये मनाई आहे का, हा मुद्दा निर्णायक ठरला आणि त्याला सेवेतून कमी करण्याचा निर्णय कायम राहिला. सैन्यदलाची शिस्त आणि तुरुंगवास यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करता येत नाही, कारण शिपाई स्वेच्छेने भरती होतो. पण पद्धतीतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. भारतात न्यायाधीश आधी धर्माकडे पाहतो, आरलूपाखाली तो सरकारच्या कारणाकडे पाहतो. मला दुसरी पद्धत अधिक योग्य वाटते. न्यायाधीशाला धर्मशास्त्राचा अधिकार नसतो. अधिकाऱ्याची उलटतपासणी कशी जोखायची हे मात्र त्याला चांगले कळते.

सर्वोच्च न्यायालयात

होल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलेली याचिका हाताने लिहिलेली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना अर्धा इंच दाढी ठेवू देणारा अंतरिम आदेश दिला आणि मार्च २०१४ मध्ये याचिका सुनावणीस घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युक्तिवाद झाला. होल्ट यांची बाजू धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचे ज्येष्ठ अभ्यासक डग्लस लेकॉक यांनी मांडली. २० जानेवारी २०१५ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने होल्ट यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिले.

तुरुंगात निषिद्ध वस्तू येऊ न देणे आणि कैद्यांची ओळख पटवता येणे ही निकडीची शासकीय हिते आहेत, हे न्यायालयाने वादाविना मान्य केले. प्रश्न एवढाच उरला की या कैद्याला अर्धा इंच दाढी नाकारल्याने त्या हितांना किती मदत होते. अर्धा इंच दाढीत मावेल अशी वस्तू अगदी बारीकच असणार आणि ती खाली पडू नये म्हणून कैद्याला काहीतरी युक्तीही करावी लागणार. डोक्यावर त्याहून लांब केस ठेवण्याची मुभा असताना तो ती वस्तू दाढीत कशाला लपवेल? खाते कैद्यांचे मुंडण करत नाही, त्यांना अनवाणी किंवा विवस्त्र ठेवत नाही. केस, कपडे, बूट यांची झडती घेते. मग दाढीचीही घ्यावी. झडती घेताना दाढीला हात लावणे कर्मचाऱ्यांना धोक्याचे वाटत असेल, तर कैद्यालाच दाढीतून कंगवा फिरवायला सांगता येईल. कंगव्याचा हा मुद्दा निकालपत्रात दोन-तीन ओळींत येऊन जातो, पण ‘कमी जाचक मार्ग’ या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ त्यातून जितका उमगतो तितका तो व्याख्येतून उमगत नाही.

ओळखीबाबत दोन फोटोंचा उपाय न्यायालयाने ग्राह्य धरला. बराकी आणि शेताचा युक्तिवादही त्याने उडवून लावला नाही. इतर राज्यांतील तुरुंगांहून हा तुरुंग एवढा वेगळा आहे, की तिथे जमते ते इथे जमणार नाही, हे खात्याने सिद्ध केलेले नाही, असे त्याने म्हटले. शिवाय कैदी मिशी काढून, डोक्याचे केस कापून किंवा पाव इंच दाढी उतरवूनही चेहरा बदलू शकतो आणि या कशालाच खात्याची हरकत नव्हती. ४० हून अधिक राज्यांचे आणि केंद्राचे तुरुंग अर्धा इंच दाढीला परवानगी देतात, ही बाब न्यायालयाला महत्त्वाची वाटली. इतर तुरुंगांचे अनुकरण करणे बंधनकारक नाही, पण इतक्या तुरुंगांना जे साधते ते आपल्याला का साधत नाही, याचे पटणारे कारण देणे बंधनकारक आहे.

तुरुंगाधिकाऱ्यांच्या अनुभवाचा मान राखावा, हे तत्त्व न्यायालयाने टाकून दिले नाही. ते तज्ज्ञ आहेत आणि नियमांचे परिणाम काय होतील याचा अंदाज त्यांना इतरांहून चांगला असतो, हे त्याने मान्य केले. पण काँग्रेसने घालून दिलेली कडक कसोटी लावण्याचे न्यायालयाचे कर्तव्य या आदरामुळे सुटत नाही. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी स्वतंत्र सहमतीत लिहिले की अधिकाऱ्यांनी सयुक्तिक स्पष्टीकरण दिले तर आदर राखता येतो. या प्रकरणात तसे स्पष्टीकरणच नव्हते. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांची सहमती जेमतेम काही ओळींची होती. आदल्या वर्षीच्या ‘हॉबी लॉबी’ प्रकरणात, गर्भनिरोधकांचा खर्च विम्यातून देण्यास मालकाने धार्मिक कारणाने नकार दिल्यावर, गिन्सबर्ग यांनी मालकाच्या विरोधात मत नोंदवले होते. या कैद्याच्या श्रद्धेला वाट करून दिल्याने त्या श्रद्धेत सहभागी नसलेल्या कुणाचेही नुकसान होत नाही, एवढा फरक त्यांनी नोंदवला. तो फरक नेमका आहे आणि या खटल्यात एकमत का झाले, हेही त्यातून बऱ्याच अंशी कळते.

निकालानंतर

या निकालाने प्रत्येक कैद्याचा मार्ग मोकळा झाला असे नाही. २०१६ मध्ये पाचव्या सर्किटच्या न्यायालयाने टेक्सासमधील एका मुस्लिम कैद्याला चार इंचांपर्यंत, म्हणजे मूठभर, दाढी आणि टोपी यांचा हक्क मान्य केला. याउलट अलाबामातील मूळ अमेरिकन कैद्यांनी लांब केसांसाठी केलेला खटला ‘होल्ट’नंतर पुन्हा विचारासाठी अकराव्या सर्किटकडे आला आणि २०१५ मध्ये ते तिथे पुन्हा हरले, कारण तिथे तुरुंग प्रशासनाने लांब केसांच्या धोक्याचा प्रत्यक्ष पुरावा सादर केला होता. अलाबामाचा निकाल पटो वा न पटो, पुराव्यावर वाद होणे हीच ‘होल्ट’ची रीत आहे. २०२२ मध्ये ‘रमिरेझ विरुद्ध कॉलियर’ प्रकरणात हीच रीत मृत्युदंडाच्या खोलीपर्यंत पोहोचली. शेवटच्या क्षणी धर्मोपदेशकाने अंगावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करावी, ही टेक्सासमधील कैद्याची मागणी होती आणि ती सरसकट नाकारणाऱ्या राज्याविरुद्ध न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कौल दिला.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण कैद्यावर निर्बंध घालायचा तर त्याला कायद्याचा आधार दाखवावा लागतो, हे तत्त्व महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणातच प्रस्थापित झालेले आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये नसलेला निर्बंध अधिकाऱ्यांना मनाने घालता येणार नाही, असे १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तिथेही प्रशासनाला विचारलेला प्रश्न एकच होता: हे तुम्ही कशाच्या आधारावर नाकारता?

‘होल्ट’ने न सोडवलेला प्रश्न भरपाईचा आहे. २०११ च्या ‘सॉसामन विरुद्ध टेक्सास’ निकालामुळे आरलूपाखाली राज्याकडून पैशाच्या रूपात भरपाई मागता येत नाही. त्याचा परिणाम २०२० मध्ये लुइझियानात दिसला. पाच महिन्यांची शिक्षा झालेल्या रास्ताफारी पंथाच्या एका कैद्याने धर्मव्रत म्हणून जवळजवळ वीस वर्षे जटा वाढवल्या होत्या. शिक्षेचे अखेरचे काही आठवडे उरले असताना त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवण्यात आले. अशा जटा कापता येणार नाहीत, असे सांगणारा पाचव्या सर्किटचा निकाल त्याच्याजवळ होता आणि त्याची प्रत त्याने पहारेकऱ्याला दाखवली. त्याच्या तक्रारीनुसार ती प्रत कचऱ्याच्या डब्यात टाकण्यात आली, त्याला खुर्चीला बेड्या घालून जखडण्यात आले आणि त्याचे डोके तासण्यात आले. त्याने अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः भरपाईचा दावा केला. पाचव्या सर्किटने या वागणुकीचा कडक शब्दांत निषेध केला, पण अशी भरपाई या कायद्याखाली देता येत नाही, असे ठरवले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेतले.

होल्ट यांना जो उपाय मिळाला तो मनाई हुकुमाचा होता. २०११ चा दावा २०१५ मध्ये तडीस गेला आणि इतकी वर्षे खटला जिवंत राहिला, कारण ते जन्मठेप भोगत होते. काही आठवड्यांत सुटणाऱ्या कैद्याला मनाई हुकुमाचा उपयोग नसतो: हुकूम मिळेपर्यंत तो बाहेर आलेला असतो, केस कापले गेलेले असतात आणि थांबवण्यासारखे काही उरलेले नसते. अशा कैद्याच्या हाती भरपाईच्या दाव्याखेरीज दुसरा उपाय नाही, आणि तो दावा चालेल की नाही यावरच आरलूपाचे संरक्षण अल्प मुदतीच्या कैद्यांपर्यंत पोहोचते की नाही हे ठरणार आहे.